भिंतीपलीकडून ऐकलेलं नाव

ज्या फ्रेंच लोकांनी टेनिस जन्माला घातलं, त्यांनी त्याला टेनिस कधी म्हटलंच नाही. त्यांच्या लेखी तो ‘ज द पोम’ होता, म्हणजे तळहाताचा खेळ. बाराव्या शतकाच्या आसपास फ्रान्समधल्या मठांच्या ओवऱ्यांत धर्मगुरू आणि त्यांचे शिष्य उघड्या हाताने चेंडू मारत. चेंडू उतरत्या छपरावरून घरंगळत खाली यायचा, भिंतीवर आपटून परत फिरायचा, खांबाला लागून भलतीकडेच जायचा. पुढे हातात मोजा आला, मोज्यावर दोऱ्या आवळल्या गेल्या, मग लाकडी थापी आली, आणि सोळाव्या शतकात तात ओढलेली रॅकेट सगळीकडे दिसू लागली. तळहाताचा आणि चेंडूचा संबंध सुटला, तरी नाव तळहाताचंच राहिलं.

मग ‘टेनिस’ म्हणालं कोण?

बाहेरच्यांनी. हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो इटलीत. दोनातो वेल्लूती या फ्लॉरेन्सच्या गृहस्थाने चौदाव्या शतकात आपल्या घराण्याची आणि शहराची बखर लिहून ठेवली. तिच्यात १३२५ सालची एक हकिगत आहे. फ्रेंच सरदार शहरात उतरले होते आणि एक पाद्री त्यांच्याबरोबर दिवसचे दिवस चेंडू खेळत असे. त्या खेळाला वेल्लूती ‘तेनेस’ म्हणतो. त्यानंतर १४०० च्या सुमारास इंग्लंडमध्ये राजा चौथा हेन्री याला उद्देशून लिहिलेल्या एका कवितेत ‘तेनेत्झ’ असं रूप सापडतं. चेंडूचं धावणं संपेपर्यंत डाव कुणाच्या पदरात पडणार हे कुणालाच कळत नाही, असं तो कवी राजाला सांगतो. लढाईला उतावीळ होऊ नका, हे सांगायला त्याला टेनिस आठवलं.

दोन्ही ठिकाणी लिहिणारा फ्रेंच नाही. खेळणारे मात्र फ्रेंच, किंवा फ्रेंच बोलणारे. चेंडू टाकण्याआधी ते समोरच्याला ओरडून सांगत: ‘तेनेत्स!’ आज या क्रियापदाचा उच्चार ‘तने’ असा होतो, जुन्या फ्रेंचमध्ये शेवटचा ‘त्स’ कानावर पडायचा. अर्थ: धरा, घ्या. भिंतीच्या अल्याड उभ्या असलेल्या परक्या माणसाला खेळाचे नियम कळत नव्हते, चेंडूही धड दिसत नसेल, पण दर थोड्या वेळाने तीच एक हाक ऐकू येत होती. त्याने त्या हाकेलाच खेळाचं नाव करून टाकलं. मला ही व्युत्पत्ती फार आवडते आणि ती पटतेही. ‘टेनिस’ हे ऐकणाऱ्याने दिलेलं नाव आहे.

आपल्याला यात नवल वाटायला नको. खो-खो हे नाव त्या खेळातल्या हाकेवरूनच पडलंय. हुतुतू तर श्वास न सोडता म्हटलेला शब्दच. फरक आहे तो हाक कुणाला, याचा. ‘खो’ आपल्या गड्याला देतात, पाठीमागून, त्याने झटकन उठून धावावं म्हणून. हुतुतूचा दम स्वतःसाठी असतो, पंचाला ऐकू जावा म्हणून मोठ्याने. ‘तेनेत्स’ ही हाक प्रतिस्पर्ध्याला आहे. ज्याला हरवायचं, त्यालाच आधी सावध करायचं. आणि तेही आदरार्थी. फ्रेंचमध्येही आपल्यासारखंच ‘घे’ वेगळं आणि ‘घ्या’ वेगळं, आणि इथे आहे ते ‘घ्या’. इंग्रजीत हे सांगायला दोन ओळी खर्चाव्या लागतात, मराठीत एक काना-मात्रा पुरते. आमच्या जिमखान्यावरचे मार्कर, म्हणजे टेनिस कोर्टवरचे पगारी मदतनीस, शिकाऊ मेंबरांना चेंडू देताना दर वेळी ‘हं, घ्या’ म्हणायचे. त्यांना फ्रेंच येत नव्हतं आणि यायची गरजही नव्हती.

या व्युत्पत्तीत एक गाठ आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. खेळाडू कोर्टवर ‘तेनेत्स’ म्हणत, असं सांगणारा जुना फ्रेंच मजकूर अभ्यासकांच्या हाती लागलेला नाही. आधार आहे तो आडून. सतराव्या शतकातल्या, याच खेळावरच्या एका लॅटिन कवितेत चेंडू टाकणारा ‘एक्सिपे’ म्हणतो. त्याचाही अर्थ ‘घे, झेल’. म्हणजे हाक द्यायची रीत होती. शब्दाची रूपं जुळतात, देशही जुळतो. याउलट इजिप्तमधल्या तिन्नीस या कापडासाठी प्रसिद्ध असलेल्या गावावरून नाव आलं, ही कथा ऐकायला गोड आहे, पण नुसतं नादसाम्य सोडलं तर तिच्या मागे काही उभं नाही. शब्दांच्या बाबतीत नादसाम्याला भुलणं हा आपला फार जुना छंद आहे, तिथे हात आखडताच घ्यावा.

हाकेचा धागा एकदा हाती लागला की या खेळातल्या बाकीच्या चमत्कारिक शब्दांकडेही कानानेच पाहावंसं वाटतं. पंधरा, तीस, चाळीस ही गुणांची मोजणी घ्या. पूर्वी हे पंधरा, तीस, पंचेचाळीस होतं. पंधराव्या शतकातल्या फ्रेंच कवितेत पंचेचाळीस आहे, १५२२ साली इरॅस्मसने लॅटिन शिकणाऱ्या मुलांसाठी चेंडूच्या खेळावर जो संवाद लिहिला त्यातही पंचेचाळीसच आहे. मग पाच गेले कुठे? तोंडातल्या तोंडात विरले. दर डावात मोठ्याने पुकारायचा आकडा जितका आखूड तितका बरा. पण पंधराच का, याचं धड उत्तर तेव्हाही नव्हतं. १५५५ साली अँतोनियो स्कैनो या इटालियन धर्मगुरूने चेंडूच्या खेळावर अख्खा ग्रंथ लिहिला, तोही या पंधराचा उलगडा करता करता दमला. घड्याळाच्या काट्यावरून हे आकडे आले, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. त्या काळच्या घड्याळांना मिनिटकाटाच नसायचा, एवढं लक्षात घेतलं तरी पुरे. पैजेच्या नाण्यांशी त्याचा संबंध असावा, हे मला जास्त संभवनीय वाटतं, कारण हा खेळ पैसे लावून खेळला जायचा याला कागदोपत्री पुरावे भरपूर आहेत.

शून्य गुणांना म्हणायच्या ‘लव्ह’चं तसंच. शून्य अंड्यासारखं दिसतं, अंड्याला फ्रेंचमध्ये ‘लफ’, त्यावरून लव्ह, हे सगळ्यांना माहीत असतं. पण शून्याला अंडं म्हटल्याची जुनी फ्रेंच नोंद मिळत नाही, आणि ‘लव्ह’चा हा वापर इंग्रजीत आधी दिसतो तो पत्त्यांच्या डावांत, अठराव्या शतकात. काही न लावता, नुसत्या हौसेखातर खेळणं म्हणजे ‘फॉर लव्ह’ खेळणं. ज्याच्या खाती काही नाही, तो प्रेमापोटी खेळतोय. आपल्या वाड्यांच्या आणि सोसायट्यांच्या अंगणात, दोन झाडांना दोरी बांधून बॅडमिंटन खेळणाऱ्या पोरांनी ‘लव्ह ऑल’चं एकसंध ‘लव्हॉल’ करून टाकलं आणि बरोबरीच्या ‘ड्यूस’चं ‘ज्यूस’. मी स्वतः कितीतरी वर्षं ‘लव्हॉल’ हा एकच शब्द समजत होतो, ‘सुरू करा’ या अर्थाचा. फ्लॉरेन्सच्या बखरकाराने केलं तेच आम्ही केलं: ऐकलं आणि ठेवून घेतलं.

या खेळापायी राजांचे जीवही गेलेत. दहावा लुई १३१६ साली व्हँसेनला खेळून घामाघूम झाला, वर थंडगार वाइन प्याला, आजारी पडला आणि गेला. आठवा शार्ल १४९८ साली आंब्वाजच्या किल्ल्यात खेळ पाहायला निघाला होता. दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं आणि काही तासांत संपला. सामान्य माणसांचंही वेड कमी नव्हतं. १३९७ साली पॅरिसच्या कोतवालाला हुकूम काढावा लागला की कामाच्या दिवशी हा खेळ खेळू नये, कारण कारागीर काम टाकून कोर्टवर जातात. १४२७ साली मार्गो नावाची एनो प्रांताकडची एक तरुणी पॅरिसला आली. पुढच्या हाताने आणि मागच्या हाताने ती इतकं जोरकस आणि हुशारीने खेळायची की भलेभले पुरुष तिच्यापुढे हरत. पॅरिसमधल्या एका अनामिक नागरिकाने आपल्या रोजनिशीत तिची नोंद केली म्हणून ती आपल्याला माहीत आहे. सहाशे वर्षांपूर्वीची बाई, तळहाताने खेळणारी. राजांच्या मरणापेक्षा मला तिचं खेळणं जास्त महत्त्वाचं वाटतं.

शाळेत फ्रेंच राज्यक्रांती शिकताना ‘टेनिस कोर्टची शपथ’ हा मुद्दा हमखास यायचा. २० जून १७८९. तिसऱ्या वर्गाचे प्रतिनिधी व्हर्सायला आपल्या नेहमीच्या सभागृहात गेले, तर दाराला कुलूप आणि बाहेर पहारा. मग ते जवळच्या टेनिस कोर्टात जमले आणि देशाला राज्यघटना मिळेपर्यंत आपण पांगणार नाही अशी त्यांनी शपथ घेतली. माझ्या डोळ्यांसमोर हिरवळ, मधे जाळी आणि जाळीच्या दोन्ही बाजूंना दाटीवाटीने उभे असलेले टोपधारी लोक असं चित्र असायचं. वर्गातल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तेच असणार, कारण पुस्तकात टेनिस म्हटलं होतं आणि टेनिस आम्ही टीव्हीवर विम्बल्डनच्या हिरवळीवर पाहिलं होतं. प्रत्यक्षात ती बंदिस्त, उंच छताची इमारत आहे. खिडक्या अगदी वर, चेंडू पोचू नये म्हणून. भिंती काळपट, त्यावर पांढरा चेंडू उठून दिसावा म्हणून. आसनं नाहीत, व्यासपीठ नाही. अध्यक्ष बायी टेबलावर उभा राहिला. ती इमारत आजही जागेवर आहे. फ्रेंच लोक या घटनेलाही ‘ज द पोमची शपथ’ म्हणतात. टेनिस हा शब्द तिथे इंग्रजीतून आला आणि इंग्रजीतूनच आपल्या पाठ्यपुस्तकात उतरला.

आपण आज ज्याला टेनिस म्हणतो ते त्यानंतर जवळजवळ शतकभराने जन्मलं. गवत कापायचं यंत्र १८३० मध्ये आलं. रबर टणक आणि उसळतं करायची कृती त्यानंतर काही वर्षांत सापडली. या दोन गोष्टींशिवाय हिरवळीवरचं टेनिस शक्यच नव्हतं, कारण जुना चेंडू कातड्यात लोकर किंवा केस ठासून शिवलेला असे आणि मातीवर-गवतावर तो उसळतच नसे. बर्मिंगहॅमला हॅरी जेम आणि त्याचा स्पॅनिश वंशाचा मित्र ऑग्युरियो परेरा यांनी १८६० च्या आगेमागे घराच्या हिरवळीवर असा खेळ मांडला होता. पण गाजावाजा केला तो मेजर वॉल्टर क्लॉप्टन विंगफील्ड याने. १८७४ साली त्याने पेटंट घेतलं, पेटीत जाळी, रॅकेटी आणि चेंडू घालून विकायला काढले आणि त्या खेळाला मोठं भारदस्त ग्रीक नाव दिलं: स्फेरिस्टिकी. लोकांनी ते पंगतीत बसूच दिलं नाही. विंगफील्डने जोडीला ‘लॉन टेनिस’ असंही म्हणून ठेवलं होतं, तेच तोंडात बसलं. चारशे-पाचशे वर्षं जिभेवर रुळलेल्या शब्दापुढे नवं ग्रीक नाव टिकणार कसं?

आणखी एक गोष्ट थोडक्यात हुकली. विंगफील्डने गुण मोजायची रीत रॅकेट्स या भिंतीवर खेळायच्या खेळातून उचलली होती: एक, दोन, तीन असं पंधरापर्यंत. ऑल इंग्लंड क्रोके अँड लॉन टेनिस क्लबने १८७७ साली विम्बल्डनला पहिली स्पर्धा भरवली तेव्हा नियम ठरवणाऱ्या समितीत जुन्या टेनिसचे जाणकार बसले होते. त्यांनी विंगफील्डचं डमरूसारखं मधे चिमटलेलं कोर्ट बाद करून सरळ आयत आखला, आणि मोजणी मात्र जुनी घेतली. बावीस पुरुष खेळले, स्पेन्सर गोर जिंकला. समितीचा कौल दुसऱ्या बाजूने गेला असता तर पंधरा-तीस-चाळीस, ड्यूस, लव्ह हे सगळं आज मोजक्या शौकिनांपुरतं उरलं असतं आणि आमच्या अंगणात ‘लव्हॉल’ कुणी म्हटलं नसतं.

नवं पोर मोठं झालं आणि त्याने थोरल्याचं नाव घेतलं. मग थोरल्याला ओळखायचं कसं? इंग्लंडमध्ये त्याला ‘रिअल टेनिस’ म्हणू लागले, अमेरिकेत ‘कोर्ट टेनिस’, ऑस्ट्रेलियात ‘रॉयल टेनिस’. फ्रान्समध्ये अजूनही तळहात. जगात त्याची पन्नासच्या आतबाहेर कोर्टं उरली आहेत, तीही या चार देशांतच. आणि मौज अशी की फ्रेंचांनी नवा खेळ इंग्रजांकडून घेतला तो त्याच्या इंग्रजी नावासकट. त्यांच्या संघटनेचं नाव १९२० मध्ये ‘लॉन टेनिस’ असंच होतं. आपल्याच पूर्वजांची हाक त्यांनी पाहुण्याच्या तोंडून परत ऐकली.

‘लॉन’ची कथा आपल्याकडे वेगळ्याच कारणाने लांबली. आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७७ साली नावातून ‘लॉन’ काढून टाकलं, कारण तोवर खेळ बहुतेक ठिकाणी सिमेंटवर, मातीवर, गालिच्यावर गेला होता. महाराष्ट्राच्या राज्य संघटनेच्या नावात मात्र ते आहे. मराठी वर्तमानपत्रांत आहे, शाळांच्या क्रीडास्पर्धांच्या फॉर्मवर आहे. मुरमाच्या कोर्टवर खेळणारा मुलगाही ‘मी लॉन टेनिस खेळतो’ असंच सांगतो. नुसतं टेनिस म्हटलं की पुढचा विचारतो, ‘टेबल का?’ आपल्याकडे टेबल टेनिस ऑफिसात, कॉलेजात, कामगार कल्याण केंद्रात, सगळीकडे पोचलं. मोठं टेनिस भिंतीआडच राहिलं. म्हणून गवताचा पत्ता नसताना गवत शब्दात टिकलं. मला ते चुकीचं वाटत नाही.

भिंतीच्या आत जाणारे फार थोडे होते. त्यातलं एक घर मला नेहमी आठवतं. शंकर पांडुरंग पंडित हे संस्कृतचे मोठे विद्वान. १८६९ मध्ये निघालेल्या तुकारामांच्या गाथेच्या इंदुप्रकाश प्रतीच्या संपादनात त्यांचा हात होता. त्यांची मुलगी क्षमा. ती लहान असतानाच वडील गेले. लग्नानंतर क्षमाबाई राव मुंबईत राहिल्या, त्यांनी संस्कृतात काव्यं लिहिली, तुकोबा-रामदासांची चरित्रं श्लोकांत बांधली, गांधीजींच्या सत्याग्रहावर संस्कृतात काव्य केलं. आणि त्या टेनिस खेळत, नुसत्या हौसेने नव्हे, स्पर्धा जिंकण्याइतक्या. त्यांची मुलगी लीला राव १९३४ साली विम्बल्डनला उतरली आणि पहिली फेरी जिंकली. विम्बल्डनवर सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. गाथेची प्रत शोधणारे आजोबा, अनुष्टुभ रचणारी आई, आणि तीन पिढ्यांच्या आत विम्बल्डनची हिरवळ. आपल्याकडे लीला रावांचं नाव फारसं घेतलं जात नाही, याची मला खरोखर खंत वाटते. सानिया मिर्झा कोर्टवर आली तेव्हा तरी त्यांची आठवण घरोघरी निघायला हवी होती.

बाकीच्या महाराष्ट्राला टेनिस भेटलं ते चेंडूतून. ‘टेनिसचा बॉल’ हा आपल्याकडे क्रिकेटचा बॉल आहे. ठाणे-रायगडच्या गावांतून, मुंबईच्या मैदानांवर, कोकणात शेतं रिकामी झाली की भरणाऱ्या स्पर्धांतून तो वर्षभर उडत असतो. त्यातही जाणकारी आहे. साधा टेनिस, हार्ड टेनिस, रबरी, सीझन, प्रत्येकाची उसळी वेगळी, प्रत्येकाला मारायची तऱ्हा वेगळी. हार्ड टेनिस हा तर खास क्रिकेटसाठीच बनवलेला, वजनाला जड. टेनिसच्या कोर्टवर तो कधी जातच नाही. ‘टेनिसवर चांगला खेळतो, सीझनवर जमत नाही’ असं एखाद्याबद्दल बोललं जातं तेव्हा त्या वाक्यात टेनिस या खेळाचा काडीचाही संबंध नसतो, आणि तरी मैदानावरच्या प्रत्येकाला अर्थ बरोबर कळतो. २०२४ पासून टेनिस बॉल क्रिकेटची व्यावसायिक लीगही सुरू झाली, पहिल्या वर्षीचे सामने ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर झाले. मठातल्या ओवरीत सुरू झालेल्या शब्दाने केवढा मुलूख पालथा घातला!

दुसरी वाट दवाखान्यातून. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं, कपबशी उचलताना कळ येते, आणि डॉक्टर सांगतात: टेनिस एल्बो. मनगट मागे वळवणारे स्नायू जिथे कोपराच्या हाडाला चिकटतात तिथल्या स्नायुबंधावर ताण येऊन हे होतं. कणीक मळणाऱ्या, भाकऱ्या थापणाऱ्या, धुणं पिळणाऱ्या बायकांना होतं, सुतारांना होतं, रंगाऱ्यांना होतं. माझ्या मावशीला झालं तेव्हा तिला त्या नावाचा रागच आला होता. ‘जन्मात बॅट धरली नाही मी,’ असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तिचं म्हणणं अगदी रास्त होतं. १८७३ साली रुंगे या जर्मन डॉक्टरने हे दुखणं पहिल्यांदा नोंदवलं ते लिहिणाऱ्यांच्या हाताचं म्हणून, आणि तेव्हा विंगफील्डचं पेटंटही निघालेलं नव्हतं. पुढे दहा वर्षांत इंग्लंडमधल्या हिरवळीवरच्या साहेबांना बॅकहँड मारून मारून तेच दुखू लागलं, ते वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलं आणि नाव त्यांचं लागलं. कष्टकऱ्यांचं दुखणं खेळणाऱ्यांच्या नावावर चढलं. भाकरी थापणाऱ्या हाताने एखादं दुखणं नावारूपाला आणल्याचं मला तरी माहीत नाही.

आणि आता मार्कर. या सगळ्या शब्दांत माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचा शब्द हाच.

आपल्या जिमखान्यांत, क्लबांत टेनिस खेळायला गेलेल्या माणसाला हा शब्द माहीत असतो. मेंबरला जोडीदार नसेल तर त्याच्याशी खेळायला, नव्याला चेंडू द्यायला, कोर्ट राखायला जो पगारी माणूस असतो तो मार्कर. स्क्वॉशच्या कोर्टवर आणि बिलियर्डच्या टेबलाशीही तो असतो. हा काहीच ‘मार्क’ करत नाही, मग मार्कर का? कारण जुन्या टेनिसमध्ये तो खरोखरच खुणा करायचा. तिथे चेंडूने दुसरा टप्पा घेतला की लगेच गुण जात नसे. टप्पा जिथे पडला ती जागा हेरून ठेवायची, तिला ‘चेस’ म्हणायचं, बाजू बदलायच्या, आणि मग ज्याचा तो चेस आहे त्याच्यापेक्षा आत, भिंतीच्या अधिक जवळ टप्पा पाडून दुसऱ्याने तो हिसकावून घ्यायचा. चौथ्या हेन्रीला लिहिलेल्या त्या कवितेत जिंकायचा-हरायचा म्हणून जो उल्लेख आहे, तो या चेसचाच. टप्पा कुठे पडला हे पाहणारा, मोठ्याने पुकारणारा आणि लक्षात ठेवणारा माणूस म्हणजे मार्कर. लॉन टेनिसमध्ये चेस गेला, पण साहेबाबरोबर मार्कर हिंदुस्थानात आला. इंग्लंडच्या टेनिस क्लबांत तो शब्द सहसा ऐकू येत नाही, आपल्याकडे मात्र अजून रोजच्या बोलण्यात आहे.

आमच्या मार्करना सगळे अण्णा म्हणत. पहाटे मेंबर यायच्या आत ते कोर्टवर पाणी मारून ठेवत. मातीला पाणी किती प्यायला द्यायचं हे ते पायाच्या अंगठ्याने ठरवत. अंगठा दाबला आणि माती बोटाला चिकटली नाही पण खळगा राहिला, की रोलर फिरवायचा. मग फक्की. दोरी ताणून, ओणवं होऊन, मागे मागे सरकत ते रेघा आखत आणि शेवटाला पोचेपर्यंत कमर सरळ करत नसत. जाळीची मधली उंची मोजायला फूटपट्टी नव्हती. एक रॅकेट उभी, तिच्यावर दुसरी आडवी, की तीन फूट. लाकडी रॅकेटींच्या काळापासूनचं त्यांचं ते माप होतं आणि ते चुकायचं नाही. गटिंगही तेच करत. तार ओढून झाली की अंगठ्याने छेडून ऐकत, आणि आवाज पसंत पडला नाही तर पुन्हा ओढत.

अण्णा मेंबरांशी खेळताना जिंकत नसत. म्हणजे जिंकू शकत नव्हते असं नाही. समोरचा ज्या टप्प्याला पोचेल, थोडा धापा टाकत पोचेल, तिथेच ते चेंडू टाकायचे, आणि त्याला वाटायचं आज आपला खेळ बहरलाय. चेंडू कुठे पडतो हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. वादाचा चेंडू असला की दोन्ही बाजूंचे मेंबर त्यांच्याकडे बघत, अण्णा बोटाने जागा दाखवत, आणि वाद तिथेच मिटे. चेसची खूण करणाऱ्या त्या जुन्या माणसाचं काम, त्याला कधी न पाहिलेला हा माणूस करत होता. पण व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीवर बसायची त्यांना मुभा नव्हती. पाणी प्यायलाही ते मागच्या नळावर जात. तेव्हा मी लहान होतो आणि ते तसंच असतं असं धरून चाललो होतो. आज त्याचा विचार आला की जिवाला लागतं. क्लबाच्या भिंतीवर अध्यक्षांच्या नावांचा लाकडी फलक आहे, विजेत्यांचा आहे. मार्करांच्या नावांचा फलक मी आजवर कुठल्याही जिमखान्यात पाहिलेला नाही.

आता सिंथेटिक कोर्टं आली, रेघा रंगाच्या झाल्या, गटिंगला यंत्र आलं, चेंडू फेकायलाही यंत्र आलं. नव्या अकादम्यांत ‘कोच’ असतो आणि ‘हिटिंग पार्टनर’ असतो. मार्कर म्हटलेलं त्यांना रुचत नाही, आणि ज्या वागणुकीची त्या शब्दाला सवय आहे ती पाहता त्यांचं बरोबरच आहे. शब्द गेला तरी चालेल. पण त्या माणसांना ठाऊक असलेलं सगळं त्याबरोबर जायला नको. ज्या पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम पहिल्यांदा कागदावर उतरवायला घेतले, त्याच जिमखान्याच्या आवारात टेनिसची कोर्टंही आहेत. तोवर खो-खो गावोगाव खेळला जात होता, ज्याच्या त्याच्या रीतीने. कुणीतरी बसून विचारलं आणि लिहून काढलं म्हणून तो आज एका नियमाने खेळला जातो.

तुमच्या गावच्या जिमखान्यात जुने मार्कर असतील, निवृत्त झालेले असतील, तर त्यांच्या घरी जा. कोर्ट कसं राखत ते विचारा, कुठल्या मातीत काय मिसळत ते विचारा, लाकडी रॅकेटी वाकू नयेत म्हणून पावसाळ्यात काय करत ते विचारा. मेंबर येण्याआधी आपापसांत खेळताना गुण कसे पुकारत, कुठल्या फटक्याला काय म्हणत, ते त्यांच्याच तोंडून फोनमध्ये रेकॉर्ड करून घ्या. आणि त्यांचं पूर्ण नाव विचारून घ्या. आमच्या अण्णांचं मी कधी विचारलं नाही, आणि आता क्लबाच्या कुठल्याच वहीत ते सापडत नाही.